मामाजीच्या कॅमेऱ्याचं कातडं

नाही, पण तुम्हीच सांगा, निघावं कायले? अं? बावीस वर्ष झाले मले पांढुर्ण्यात शीटा बसवून राहिलो, मोटारसायकलीच्या, ऑटोच्या, जीपच्या, संत्रा भरून नेणाऱ्या ट्रकायच्या... गाड्या वैशाखाच्या उन्हात उभ्या राहते, भर पावसात भिजते, एका शीटावर तीन तीन जण बसून तिगावले जाते, पण या गुणवंताच्या हातच्या रेक्झिनचा एक कोपरा, एक कोपरा उचलला असन तं दाखवा! अन् तुम्हाले सांगतो, एवढुसा तळहातावर मावणारा कॅमेरा, त्याच्यावर कोणी बसत नाही, तो उन्हात उभा राहत नाही, त्याच्यावरून कोणी तिगावले जात नाही... त्याचं कातडं चार डाव निघालं! चार डाव! अन् तेही कोणाच्या घरी, तं सासऱ्याच्या! बरं, मी कॅमेऱ्यात काही खुडबुड केली म्हणता, तं तसंही नाही. वरून वरून, बरं! आतमंधी बोट नाही लावलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाही तं तुम्ही म्हणसान हा शीटवाला कॅमेऱ्यात कुठून घुसला. झालं असं, का दोन वर्षाआधी जेवून मोबाइल पाहून राहिलो होतो, अन् त्याच्यात एक गोरा, हा एवढा दाढीवाला, जुना रोलवाला कॅमेरा घेऊन बसला, अन् त्यानं त्याचं काळं कातडं सोललं... सरसर सरसर... अन् त्याच्या जागी हिरवंगार बसवलं! अहो, मोटारसायकलची शीट बसवते तसंच! तेच चिपकवाचं सोल्युशन, तेच ब्लेड, तसंच अंगठ्यानं दाबत दाबत कडा बसवणं! मी असा उडालो, असा उडालो, का अर्चना, म्हणजे आमची घरवाली, हातातलं भांडं टाकून धावत आली. "काहो, काय झालं? विंचू हाय काय?" म्हटलं, "अवं विंचू कायचा, हे पाह्य! कॅमेऱ्याचे कपडे बदलवून राहिला तो!" ते म्हणे, "तुमचा पाहा, दोन दिवसाचा शर्ट हाय अंगात."

पण मले कुठचं सुचते! दुसऱ्या दिवशी कबाड्याकडून एक मेलेला कॅमेरा उचलून आणला. कातडं असं, जसं उकडलेल्या बटाट्याचं सालटं. स्पिरिट लावलं, हळूहळू सोललं, खालची बॉडी चकचक पुसली, कागदाचा फर्मा काढला. अन् लेन्सच्या भोवताल तो गोल असते ना, तो कापणं म्हणजे तुम्हाले सांगतो, श्वास बंद! केसभर इकडं गेलं का फट, केसभर तिकडं गेलं का सुरकुती! हात धरून बसलो, कापला, बसवलं लालभडक कातडं, अन् फोटो काढाच्या खटक्याभोवती ज्या बारीक रेघा होत्या त्याच्यात पिवळा रंग भरला सुईनं... अन् टेबलावर ठेवला तं काय! नवरदेव! परण्या निघालेला नवरदेव! कबाड्याले दाखवला तं तो म्हणे, "हा माह्याकडचा नाही." शेजारचा पंक्चरवाला हेमराज म्हणे, "दिसाले तं झकास हाय, पण चालते काय?" म्हटलं, "बावा, चालाचं काम माहं नाही. आपलं काम वरून वरून. आतमंधी बोट नाही लावलं!"

अन् मंग जे सुरू झालं! हे नागपूरचे पोट्टे, पुण्याचे पोट्टे, यायले जुने कॅमेरे लागते, अन् जुन्या कॅमेऱ्याले नवं कातडं लागते! एकाचा पुण्याहून फोन. "काका, मला ना एकदम सटल हवंय. थोडं रॉ, थोडं अर्दी, ओरडणारं नको." म्हटलं, भाऊ, कातडं कायले ओरडन, ते ज्याचं होतं ते गेलं बिचारं. रंग सांग. तं म्हणे, "खाकी आणि बिस्किटाच्या मधला." म्हटलं, मंग असं बोल ना, जीपच्या मागच्या शीटाचा! पाठवला बसवून. त्याचा फोन, आवाज असा भरून आलेला, "काका, हे कुठलं लेदर आहे? इटली?" म्हटलं, सावरगाव! सावरगावच्या एका जीपचं केलं, त्याच्यातलं उरलं होतं. तं काही तरी इंग्रजी बोलला. मले वाटलं शिवी देल्ली, पण मंग त्यानं हात जोडलेले चित्रं पाठवले सहा.

तं असं सगळं जोरात चालू होतं. अन् आले मामाजी.

मामाजी म्हणजे माहे सासरे, केशवराव, सौसरचे. तीस वर्ष सौसरच्या बाजारात त्यायचा फोटो स्टुडिओ. त्या भागात असा नवरदेव नाही जो त्यायच्यासमोर मान वाकडी करून बसला नाही. "हनुवटी खाली... अजून खाली... हसा... एवढं नाही!" मोबाइल आले, स्टुडिओले कुलूप लागलं, पण कॅमेरा सोडला नाही त्यायनं. रशियाचा हाय, सगळा लोखंडी, इटेपेक्षा जड. सालातून एक फोटो काढते आता, पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली बैल उभे राहिले का. एकच. पण दरसाल.

आता या माणसाचं अन् माहं कसं हाय ते सांगितल्याशिवाय तुम्हाले मजा नाही येणार. चौदा वर्षाआधी पोरगा पाहाले म्हणून आमच्या दुकानात आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, पावडर लावून उभा! अन् हे माह्याकडं पाहेच ना! सरळ गेले एका मोटारसायकलजवळ, खाली बसले, शीटाच्या कडेखाली नख घातलं अन् ओढलं. निघालं नाही. मंग दोन बोटं. निघालं नाही. मंग एक पाय टेकवून दोन्ही हातानं! मी म्हटलं, गिऱ्हाइकाची गाडी हाय हो! तं उठले, हात झटकले, म्हणे, "पक्कं हाय." अन् गेले. चहाही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप, पसंत हाय! म्हटलं, गुणवंता, पाह्यलं काय रूप तुहं? एका नजरेत! चौदा वर्ष तुम्हाले सांगतो, हेच सांगत फिरलो मी लोकायले.

पण लगन झालं तवापासून माहं नाव काय, तं "शीटवाले." माहा साडभाऊ पटवारी हाय, तो सौसरले आला का, "या जवाईबुवा, बसा जवाईबुवा, पंखा लाव वं, जवाईबुवा आले!" अन् मी पाठीमागून गेलो, का, "काहो शीटवाले, बस भेटली काय?" बस! चौदा वर्ष! मोठं काही मागत नव्हतो मी. एक डाव, फक्त एक डाव त्या तोंडातून मले 'जवाईबुवा' ऐकाचं होतं. अन् यंदा श्रावण लागला अन् मामाजी स्वतः बसनं पांढुर्ण्याले आले, पिशवीतून कॅमेरा काढला, त्याले रबर गुंडाळलेलं, अन् म्हणे, "शीटवाले, याचं कातडं सुटून राहिलं. पोळ्याच्या आत पाहिजे. रंग काळा." मी मनात म्हटलं, गुणवंता, आला तुहा दिवस!

रबर काढलं तं कातडं आपोआप हातात आलं. खाली पिवळं पिवळं काही तरी थापलेलं. म्हटलं, रशियाचं सोल्युशन असन. वासही अलगच, म्हटलं रशियाचा वास असन. अर्ध्या घंट्यानं टेबलावर मुंग्यायची रांग! म्हटलं, श्रावण हाय, निघते मुंग्या. अक्कल पाहा माही! पण मी खुशीतच एवढा होतो, का हत्ती चढला असता टेबलावर तरी म्हटलं असतं, श्रावण हाय.

काळा म्हणे. आता काळा काय, कोणीही लावन! मी आठ दिवस शोधून बकऱ्याचं अस्सल कातडं आणलं, संत्र्याच्या रंगाचं, अन् त्याचे बारीक दाणे असे का थेट संत्र्याचं सालच! पांढुर्ण्याच्या माणसानं लावाचं तं काय लावाचं मंग? बसवलं. कडा तं अशा बसल्या, नखाले सापडे ना. घेऊन गेलो सौसरले. मामाजीनं चष्मा लावला, पाह्यलं, चष्मा काढला. "शीटवाले, हा कॅमेरा हाय का संत्रा? सोलून खाऊ काय?" मामीजी, म्हणजे मनकर्णाबाई, माही सासू, बाजूले उभ्या. त्यायनं डोक्यावरचा पदर सावरला, कॅमेरा हातात घेतला, त्याच्यावरून असा हात फिरवला अन् म्हणे, "सोललं होय जी बिचाऱ्याले?" म्हटलं, मामीजी, फक्त वरून वरून! आतमंधी बोट नाही लावलं!

चौथ्या दिवशी फोन. "शीटवाले, तुमचं कातडं निघालं."

अहो मले चक्कर आली! गेलो, आणला. बरं म्हटलं, बकऱ्याचं कातडं पातळ असते, चूक आपली. दुसऱ्या डावाले काळं रेक्झिन, सोल्युशनचे दोन हात, रातभर जीपच्या जॅकखाली दाबून ठेवला. नेऊन देल्ला. मामीजीनं पुन्हा हात फिरवला. "पुन्हा सोललं जी?" पाचव्या दिवशी फोन, "शीटवाले..." म्हटलं, सांगू नका मामाजी, येतो! तिसऱ्या डावाले ते सोल्युशन लावलं ज्यानं ट्रकाच्या टपाची ताडपत्री चिपकते, ते बोटाले लागलं तं बोट जाते पण ते जात नाही! तिसऱ्या दिवशी फोन! तिसऱ्याच! म्हणजे सोल्युशन जेवढं भारी, कातडं तेवढं लवकर!

अन् पांढुर्ण्यात गोष्ट राहते का लपून? हेमराज पंक्चरवाला भर रस्त्यात ओरडला, "काय गुणवंता, सासऱ्याचं कातडं निघालं म्हणते!" गिऱ्हाईक गाडी घ्याले आलं का पहिले शीटाची कड ओढून पाहे. बावीस वर्षात कोणी ओढली नव्हती हो, एका सासऱ्याशिवाय! त्या पुण्याच्या पोट्ट्याचा फोन आला तं मी उचलला नाही, म्हटलं याचंही निघालं असन. अर्चनाले म्हटलं, तुह्या बाबायनं मुद्दाम काढलं असन नखानं, त्यायले सवय हाय! ते दोन दिवस बोलली नाही माह्याशी. वाईट वाटलं मले, खरं सांगतो. माणसाजवळ असते काय? हात असते. अन् हातच खोटे निघाले तं?

मंग ठरवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानाले कुलूप लावलं, तसंही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन्ही काठावरून लोक एकमेकायले दगडं मारते, पांढुर्ण्यात दुकान कोण उघडते! चौथ्या डावाचं कातडं बसवून कॅमेरा मांडीवर घेतला, ब्लेड, स्पिरिट, सोल्युशन पिशवीत, अर्चनाले घेतलं, अन् सौसरची बस पकडली. म्हटलं, आता मी त्या कॅमेऱ्याजवळून हलतच नाही. समोरच बसतो. पाहू कसं निघते!

दुपार गेली, मी खाटेवर, समोर फळीवर कॅमेरा. कातडं शाबूत. चार वाजले, शाबूत. पाच वाजले, शाबूत! बाहेर रस्त्यानं लोकायचे बैल नदीवरून धुऊन येऊन राहिले होते, मामाजी ओट्यावर बसून पाहून राहिले होते. अन् तेवढ्यात मामीजी आल्या. नवं लुगडं. एका हातात पाट, दुसऱ्या हातात वाटी. पाट मांडला, फळीवरचा कॅमेरा उचलला, पाटावर ठेवला, पूर्वेकडं तोंड करून. मी म्हटलं, पूजा असन, अवजाराची करते लोक, कुंकू लावन, फूल ठेवन. अन् मामीजीनं वाटीत बुडवलं पळसाचं पान. वाटीत काय, तं तूप अन् हळद! गरम! अन् ते पान कॅमेऱ्याच्या या खांद्यावर... मंग त्या खांद्यावर... असं घसाघसा, असं मायेनं, चोळलं! पाठीवर चोळलं! पोटाखालून चोळलं! अन् पदर डोक्यावर घेऊन हात जोडून त्या कॅमेऱ्याले म्हणे,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

बैलाचं आवतन हो! बैलाचे खांदे शेकते ना पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीनं, अन् उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देते, ते! कॅमेऱ्याले! अन् माह्या डोळ्यासमोर माहं चौथ्या डावाचं कातडं तुपात... सुटलं! कोपऱ्यातून असं उचललं, जसं हात हलवून रामराम करून राहिलं!

मी ओरडलो, "मामीजी, हे काय करून राहिल्या तुम्ही?" त्या म्हणे, "घाबरू नका जी, काचीले नाही लावत मी. वरून वरूनच लावते. आतमंधी बोट नाही लावत."

बोला! माहंच वाक्य! माह्याच तोंडावर!

मंग म्हणे, "माह्या बापाघरी बोरगावले सहा बैल होते. लगन होऊन इथं आली, तं पहिल्या पोळ्याले हातात वाटी अन् खुट्याले बैल नाही! खांदा कोणाचा शेकू? मंग म्हटलं, बापा, हे घर कोणाच्या खांद्यावर चालते? याच्याच ना? तवापासून दरसाल शेकते. अन् यंदा तं तुम्ही त्याले सोलून सोलून आणून राहिले! मंग मी येतबरोबर त्याले हळद-तूप लावत होती, का जखम भरून यावी."

जखम! ते पिवळं रशियाचं सोल्युशन! तो रशियाचा वास! त्या मुंग्या! आता तुम्हीच सांगा, याच्यावर बोलाचं काय? एक बाई चाळीस साल एका यंत्राचा खांदा शेकून राहिली, का त्यानं तिचं घर ओढलं, अन् मी तिले सांगू का, मामीजी, सोल्युशन पकडत नाही? ओट्यावर पाह्यलं, तं मामाजी एकदम मन लावून समोरची भिंत पाहून राहिले. कोरी भिंत!

गेलो बाजूले. हळू आवाजात म्हटलं, "मामाजी, तुम्हाले माईत होतं?"

"सुरुवातीपासून."

"अन् मले सांगितलं नाही? चार डाव माहं कातडं निघालं, पांढुर्ण्यात माही अब्रू निघाली!"

तं म्हणे, "शीटवाले, आइका. एक साल अर्चनाची माय माहेरी होती बाळंतपणाले, अर्चना झाली तवा. खांदा नाही शेकला. त्या साली एक वरात काढली मी, बेंडबाजा, घोडा, आख्खी वरात... रोल कोरा निघाला. एक फोटो नाही. नवरदेवाच्या बापानं मले भर बाजारात उभं केलं. तवापासून कातडं निघते तं निघो, पण तिच्या वाटीले मी हो-नाही म्हटलं नाही."

"मंग इतके साल चिपकवत कोण होतं?"

"मीच. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी, स्टुडिओत, दरवाजा लावून. आता हात थरथरते माहे." मंग म्हणे, "थरथरन हे मले पोरीयचे लगन कराच्या वक्तालेच समजलं होतं. थोरलीले पटवारी पाह्यला, का घरात एक जमिनीचे कागद समजणारा पाहिजे. धाकटीसाठी नऊ पोरं पाह्यले. एक मास्तर होता, एक कंपाउंडर होता. मंग तुमच्या दुकानात त्या शीटाची कड ओढून पाह्यली..."

"अन्?"

"पक्की होती."

म्हणजे आलं का ध्यानात? अं? ते रूप! तो भांग! ते पावडर! एका नजरेत पसंत! अहो त्या माणसानं माह्याकडं पाह्यलंच नव्हतं! चौदा वर्षापासून मी या घरात जवाई म्हणून नाही, कातडं चिपकवाले आणलेलो हाय! अन् मजा पाहा, मले राग याले पाहिजे होता, तं छाती फुगून राहिली माही! नऊ पोरं हो! मास्तर, कंपाउंडर सगळे गेले, अन् माही कड टिकली!

तेवढ्यात आतून मामीजीची हाक. गेलो. कॅमेऱ्याचं झालं होतं, वाटीत थोडं उरलं होतं. मामीजीनं पदर सावरला, पळसाचं पान पुन्हा बुडवलं अन् म्हणे, "बसा जी पाटावर. याचं वय झालं आता, याच्यासाठी धावपळ तं तुम्हीच करून राहिले." अन् मी नाही नाही म्हणेपर्यंत, माह्या नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टावर, या खांद्यावर, मंग या खांद्यावर... घसाघसा! अर्चना दारात तोंडात पदर कोंबून हसून राहिली! अन् मामाजी ओट्यावरून उठून आले, हात जोडले, अन् चौदा वर्षात पहिल्या डावाले, अगदी स्पष्ट, म्हणे,

"आज आवतन घ्या, जवाईबुवा. उद्या जेवाले या."

म्हटलं ना! शेवटी म्हटलं! पण म्हटलं कवा, तं बैलाच्या आवतनाले!

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली फोटो काढला मामाजीनं, कॅमेऱ्याले रबर गुंडाळून. रोल नागपूरहून धुऊन आला. फोटो काय आला हो, बैलाच्या पापण्या मोजा! अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा दरवाजा लावून आम्ही दोघं बसलो, ते कॅमेरा धरे अन् मी चिपकवे. आता हे दरसालचं ठरलं. मामीजी चोपडन, मी चिपकवीन. पुण्याच्या पोट्ट्याले फोन केला, त्याचं कातडं मस्त हाय, कुठंच उचललं नाही. उचलन कसं, त्याच्या घरी मामीजी नाही ना!

राहिला माहा तो शर्ट. अर्चनानं साबणानं धुतला, सोड्यानं धुतला, शेवटी मीच माह्या कॅमेरेवाल्या स्पिरिटनं घासला. बावीस वर्षाचा कारागीर माणूस मी, पण तुम्हाले सांगतो, माहं कातडं चार डाव निघालं अन् मामीजीची हळद काही निघाली नाही. अन् म्हणे, वरून वरूनच लावली!